‘खेळ आणि अभ्यास दोन्ही कसं जमतं?’ या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा करायचा?

दहावीत खेळणारं मूल असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. “यंदा ग्राउंड बंद, आधी बोर्ड.” काही घरांत ते जूनमध्येच म्हटलं जातं, काही घरांत सहामाहीचे मार्क आल्यावर. मग त्या मुलाचं काय होतं? काही जण मार्च संपल्यावर परत ग्राउंडवर येतात, बरेच येत नाहीत. आणि काही जण घरच्यांशी वाद घालून खेळत राहतात.

शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र यांत संशोधन करायला निघालेल्या अनेकांना हा विषय खुणावतो, कारण तो जवळचा आहे. आपण स्वतः खेळलेलो असतो किंवा खेळ सोडलेला असतो. पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की शीर्षक बहुतेक वेळा एकाच साच्यातलं निघतं: ‘अमुक जिल्ह्यातील खेळाडू आणि बिगर-खेळाडू विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीचा तुलनात्मक अभ्यास’. दोन गट घ्यायचे, मार्क घ्यायचे, टी-चाचणी लावायची, निष्कर्ष लिहायचा.

या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, हे शीर्षक त्या दहावीतल्या मुलाबद्दल आपल्याला फारसं काही का सांगू शकत नाही. दोन, जगभरच्या संशोधकांनी हाच प्रश्न गेल्या काही दशकांत कसा बदलत नेला आणि त्यातून आपल्याला काय उचलता येईल.

आधी घड्याळ, मग कॅलेंडर

समतोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेळापत्रक येतं. ठीक आहे, तिथूनच सुरू करू. समजा, तालुक्याच्या गावात राहणारी, दहावीतली कबड्डी खेळणारी एक मुलगी आहे. सकाळी साडेपाच ते साडेसात प्रॅक्टिस, अकरा ते पाच शाळा, साडेपाच ते साडेसात पुन्हा प्रॅक्टिस, आठ ते साडेनऊ क्लास. एवढ्यातच साडेअकरा तास गेले. आठ तास झोप धरली तर साडेचार उरतात. त्यात जाणं-येणं, जेवणखाण, घरातली कामं आणि स्वतःचा अभ्यास. कागदावर बसतं, नाही का?

पण घड्याळापेक्षा कॅलेंडर जास्त निर्दयी असतं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. दहावीची मुलं साधारण १७ वर्षांखालच्या गटात येतात, बारावीची १९ वर्षांखालच्या. म्हणजे दोन्ही बोर्डाची वर्षं आणि दोन्ही मोठे गट एकमेकांवर येऊन बसतात. स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा चढत्या क्रमाने जातात.

आता यातली गंमत बघा. जो संघ तालुक्यालाच हरतो, तो दुसऱ्या दिवशी वर्गात असतो. जो जिंकत जातो, त्याचे शाळेचे दिवस बुडत जातात: प्रवास, सराव शिबिर, स्पर्धा, परत प्रवास. म्हणजे खेळाचा भार सगळ्या खेळाडूंवर सारखा नसतो. तो यशाबरोबर वाढतो, आणि नेमका अभ्यासाच्या ऐन हंगामात वाढतो. ‘खेळाडू’ असा एकच गट केला की तालुक्याला हरलेली मुलगी आणि राष्ट्रीय स्पर्धेला गेलेली मुलगी एकाच रकान्यात जाऊन बसतात. तुमच्या चलांच्या यादीत ‘खेळाडू: होय/नाही’ असं असेल, तर पहिली दुरुस्ती इथे करा. कोणत्या स्तरापर्यंत खेळला, वर्षात शाळेचे किती दिवस बुडाले, त्यातले परीक्षेच्या आधीचे किती, हे विचारा.

दोन जुने सिद्धांत

या विषयामागे एक मूलभूत वाद आहे आणि तो खेळाच्या बाहेर सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ विल्यम गुड यांनी १९६० मध्ये भूमिकाताणाची, म्हणजे रोल स्ट्रेनची, कल्पना मांडली. माणसाकडे वेळ आणि शक्ती मर्यादित असते. भूमिका वाढल्या की मागण्या वाढतात आणि सगळ्यांना पुरं पडणं अशक्य होतं. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, जेम्स कोलमन यांचं अमेरिकी हायस्कुलांवरचं पुस्तक आलं. शाळेतल्या मुलांच्या जगात खेळाला इतका मान असतो की तो अभ्यासाचा वाटा खातो, असा त्यांचा रोख होता. आपल्या घरातलं ‘यंदा ग्राउंड बंद’ हे याच विचाराचं बोली रूप आहे.

याच्या उलट बाजूने सॅम सीबर यांनी १९७४ मध्ये आणि स्टीफन मार्क्स यांनी १९७७ मध्ये लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की एकापेक्षा जास्त भूमिका माणसाला देतातही: ओळखी, आत्मविश्वास, एका ठिकाणी अपयश आलं तर टेकायला दुसरी जागा. शक्ती म्हणजे डब्यातली साखर नव्हे की वापरली की संपली. मनापासून केलेल्या कामातून ती निर्माणही होते. आपले क्रीडाशिक्षक “खेळणारी पोरं अभ्यासातही पुढे असतात” म्हणतात, ते याच बाजूने.

मग खरं कोण? दोघंही, आणि म्हणूनच ‘खेळामुळे अभ्यासावर परिणाम होतो का’ हा प्रश्न फार पुढे नेत नाही. कुणाच्या बाबतीत, कोणत्या परिस्थितीत पहिलं घडतं आणि कुणाच्या बाबतीत दुसरं, हा प्रश्न नेतो.

तुलनात्मक अभ्यासातले तीन खड्डे

पहिला खड्डा निवडीचा. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या लॉरा यॉन्कर आणि सहकाऱ्यांनी प्रतिभावान किशोर खेळाडूंचं शिक्षण तपासलं. विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शालेय प्रवाहात या मुलांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसलं. लगेच ‘खेळामुळे हुशारी वाढते’ असं म्हणायचं का? थांबा. त्यांच्याच संशोधनात पुढे स्व-नियमनाचा मुद्दा येतो. आपण काय केलं, कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, असा विचार करण्याची सवय असलेली मुलं खेळातही वर जातात आणि अभ्यासातही. म्हणजे कारण तिसरंच असू शकतं. शिवाय ज्या घराला किट, प्रवास आणि क्लास तिन्ही परवडतात, त्या घरातलं मूल दोन्हीकडे टिकतं, हीही शक्यता आहे.

दुसरा खड्डा टिकलेल्यांचा. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. तुम्ही जानेवारीत शाळेत जाऊन दहावीच्या खेळाडूंची यादी घेता. पण ज्यांचे मार्क घसरले म्हणून घरच्यांनी जुलैतच खेळ बंद केला, ती मुलं त्या यादीत नसतात. ती ‘बिगर-खेळाडू’ गटात असतात! खेळाडूंची सरासरी वर जाते, बिगर-खेळाडूंची खाली येते, आणि आपला निष्कर्ष छापून येतो की खेळाडू अभ्यासात सरस आहेत. ज्यांना समतोल जमला नाही, नेमके तेच आपल्या अभ्यासातून गायब झाले. आपण शोधायला निघालो होतो त्यांनाच.

तिसरा खड्डा खास आपल्याकडचा. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या पात्र खेळाडूंना क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळतात. तुम्ही शैक्षणिक संपादणूक म्हणून बोर्डाच्या निकालाची टक्केवारी घेतली आणि त्यात हे गुण मिसळलेले असतील, तर खेळण्याचा परिणाम मोजताना खेळल्याबद्दल मिळालेले गुणच मोजले जातील. विषयवार मूळ गुण वेगळे काढा, किंवा दुसरं मापक वापरा.

समतोल म्हणजे काय, याचीच नवी व्याख्या

युरोपात या क्षेत्राला ‘ड्युअल करिअर’, म्हणजे दुहेरी करिअर, म्हणतात. युरोपीय संघाने २०१२ मध्ये याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आणि त्यानंतर संशोधनाला वेग आला. त्याआधीचा एक पाया मात्र माहीत हवा. पॉल वायलेमन आणि डेव्हिड लाव्हाली यांनी २००४ मध्ये एक प्रारूप मांडलं. खेळाडूच्या आयुष्यात चार पातळ्या एकाच वेळी पुढे सरकत असतात: खेळाची, मानसिक वाढीची, नात्यांची आणि शिक्षण-व्यवसायाची. पुढे त्यात आर्थिक पातळीची भर पडली.

एक कागद घ्या. आडवी वयाची रेषा काढा आणि तिच्याखाली या पाच ओळी. आता पंधरा-सोळा वर्षांवर बोट ठेवा. खेळात ‘मजेसाठी’पासून ‘गंभीरपणे’कडे प्रवास चाललेला असतो. मनाने पौगंडावस्था. नात्यांत आईवडिलांपेक्षा सर आणि मित्र जवळचे वाटू लागतात. शिक्षणात दहावी संपून ज्युनिअर कॉलेज, म्हणजे बहुतेकदा नवी संस्था, नवे शिक्षक, कधी नवं गाव. आणि पैशाच्या ओळीत, शाळेपुरता असलेला खर्च आता स्पाइक्स, आहार, प्रवास, होस्टेल असा वाढत जातो. पाचही ओळींवर एकाच वयात वळण आहे. ‘दहावीचं टेन्शन’ म्हणून आपण जे सोडून देतो, ते खरं तर पाच बदलांचं ओझं असतं.

स्वीडनमध्ये माध्यमिक शिक्षणानंतरच्या टप्प्यावर राष्ट्रीय क्रीडा-विद्यालयं आहेत. तिथे शिक्षण आणि उच्च दर्जाचा खेळ एकाच व्यवस्थेत बसवलेला असतो. नतालिया स्टाम्बुलोवा आणि सहकाऱ्यांनी अशा विद्यालयांत नव्याने आलेल्या मुलांचा वर्षभर मागोवा घेतला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मांडलेली समतोलाची कल्पना अशी: खेळाची आणि शिक्षणाची उद्दिष्टं गाठता यावीत, खाजगी आयुष्य समाधानाचं राहावं आणि आरोग्य टिकावं, अशी त्या-त्या व्यक्तीची मांडणी. ती कायम सारखी राहत नाही. स्पर्धेच्या महिन्यात खेळाचं पारडं जड, परीक्षेच्या महिन्यात अभ्यासाचं. झुकणं हा दोष नाही. पारडं एकदा झुकलं की परत फिरवता येतं का, हे महत्त्वाचं.

आपल्या दृष्टीने इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे पारडं अभ्यासाकडे झुकवतात ते अनेकदा दरवाजा बंद करून. सहा महिने ग्राउंड बंद राहिलं की संघातली जागा जाते, फिटनेस जातो, अकरावीत नव्या कॉलेजात कुणी ओळखत नाही. उलटही खरं आहे. दोन वर्षं शिबिरांत गेलेल्या मुलाला गणितातला सुटलेला पाया कुणी परत शिकवत नाही. म्हणून आपल्या अभ्यासात ‘किती वेळ कशाला दिला’ याच्या जोडीला ‘परत येण्याची वाट उघडी होती का’ हे विचारायला हवं.

तीन प्रकारच्या गोष्टी

मोजमापाबरोबर मुलांच्या गोष्टीही ऐकाव्या लागतात. फिनलंडमधल्या तात्याना रिबा आणि सहकाऱ्यांनी किशोर खेळाडूंच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये तीन शैली दाखवल्या, आणि नावं संगीतातली दिली. पहिली शैली दोन स्वतंत्र सुरावटी एकमेकींना धरून चालाव्यात तशी. खेळ आणि शिक्षण दोन्ही ‘माझं’ असतं आणि एक दुसऱ्याला आधार देतं. आपल्या भाषेत रंगलेली जुगलबंदी म्हणा. दुसरी एकसुरी: आयुष्याची गोष्ट फक्त खेळाची, बाकी सगळं पार्श्वभूमीला. तिसरी विसंवादी: मनातलं आणि वागण्यातलं जुळत नाही. खेळ पहिला म्हणायचं पण जीव परीक्षेत अडकलेला, किंवा याच्या उलट.

याच फिनलंडमधल्या संशोधनात मातिल्दा सोरकिला आणि सहकाऱ्यांनी खेळाचा थकवा आणि शाळेचा थकवा वेगवेगळा मोजला. थकवा म्हणजे इथे बर्नआउट: दमणूक, विटलेपण आणि ‘आपण पुरे पडत नाही’ ही भावना. काही मुलं शाळेत विटलेली पण खेळात ठीक, काही याच्या उलट, काही दोन्हीकडे बरी. ‘ताण’ असं एकच मापक लावलं असतं तर हा फरक दिसलाच नसता.

दुसरं एक मापक तुम्हाला वारंवार भेटेल: ब्रिटन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेलं, खेळाडू म्हणून स्वतःची ओळख किती घट्ट आहे हे मोजणारं, दहा विधानांचं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता की ही ओळख हर्क्युलिसचे स्नायू की अकिलिसची टाच? घट्ट ओळख सरावाला बळ देते, पण गुडघा मोडला किंवा निवड हुकली की तीच माणसाला उघडं पाडते. हे मापक मराठीत आणताना नुसतं भाषांतर पुरत नाही. भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर, मग आठ-दहा मुलांना वाचायला देऊन “तुला यातून काय कळलं?” हे विचारणं, आणि त्यानंतर विश्वसनीयता तपासणं. ‘मी स्वतःला खेळाडू मानतो’ या वाक्याचा अर्थ शहरातल्या टेनिसपटूला आणि गावातल्या पैलवानाला एकच लागेल असं गृहीत धरू नका. तालमीतल्या मुलासाठी ती ओळख त्याच्या एकट्याची नसते, घराची आणि गावाचीही असते.

गुण देणं वेगळं, शिकू देणं वेगळं

इथपर्यंत सगळं मुलाबद्दल झालं. पण समतोल ही फक्त मुलाची जबाबदारी आहे का? आपल्या व्यवस्थेतल्या सोयी बघा. वाढीव गुण आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. सीबीएसई बोर्डात राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे पेपर बुडाला तर खेळाडूला नंतर परीक्षा देण्याची सोय आहे. निवडक मुलांसाठी क्रीडा प्रबोधिनी आहेत, खेलो इंडियात निवड झालेल्यांना महिना १०,००० रुपये भत्ता आहे.

या यादीकडे संशोधकाच्या नजरेने बघितलं की एक रचना दिसते. बऱ्याच सोयी एक विशिष्ट स्तर गाठल्यावर मिळतात, आणि काही तर नुकसान झाल्यानंतरची भरपाई आहेत. वाढीव गुणांनी टक्का सुधारतो, पण बुडालेला धडा शिकून होत नाही. ज्याचा राज्यस्तर एका पॉइंटने हुकला, त्याने तेवढाच घाम गाळलेला असतो, तेवढेच तास बुडवलेले असतात, आणि त्याच्या हाती प्रमाणपत्रही कमी वजनाचं येतं.

साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी तिरंदाजीत विश्वविजेती झाली. अशा यशाचा अभिमान वाटतोच. पण धोरण ठरवताना तिच्या मागे त्याच वयाच्या, त्याच मैदानांवर सराव करणाऱ्या आणि कुठेही निवड न झालेल्या मुली डोळ्यांसमोर हव्यात. बहुतेक मुलांना खेळातून पोट भरता येणार नाही. त्यांच्यासाठी अभ्यास हा ‘प्लॅन बी’ नसतो, तोच पुढचा रस्ता असतो. तो रस्ता मध्येच तुटू न देता त्यांना खेळू देता येईल का, हा या विषयातला सगळ्यात कळीचा प्रश्न मला वाटतो.

मग प्रश्न कसा लिहायचा?

काही नमुने देते. जसेच्या तसे उचलू नका, आपल्या जिल्ह्याला आणि खेळाला जुळवून घ्या.

– आठवीत जिल्हास्तरावर खेळलेल्या मुलामुलींपैकी अकरावीत किती खेळत राहिले आणि सोडणाऱ्यांचा निर्णय कोणी, कधी, कशामुळे घेतला?
– स्पर्धेमुळे शाळेचे दिवस बुडाल्यावर तो अभ्यास भरून काढायची कोणती पद्धत शाळेत प्रत्यक्ष चालते? नियम काय आणि व्यवहार काय?
– एकाच संघातल्या मुलींच्या घरी संध्याकाळची प्रॅक्टिस, घरकाम आणि अभ्यास यांची वाटणी कशी होते? मुलांच्या घरी कशी?

पहिल्या प्रश्नात सोडून गेलेलेही येतात हे लक्षात घ्या. त्यांना शोधणं कष्टाचं आहे. जुन्या प्रवेशिका, क्रीडाशिक्षकांच्या वह्या, मित्रांकडून मित्रांचे पत्ते, असं करावं लागतं. पण त्यांच्याशिवाय हा अभ्यास अर्धाच. पीएचडीच्या मुदतीत तीन वर्षं एकाच गटामागे फिरणं शक्य नसेल, तर आठवी, दहावी आणि अकरावी अशा तीन गटांचा वर्षभर मागोवा घेता येतो.

आणि नीतिमत्तेचे तीन मुद्दे, जे सिनॉप्सिसमध्ये एका ओळीत उरकले जातात. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, पण मुलाचा स्वतःचा होकारही वेगळा घ्या. आईने सही केली म्हणजे मुलगी बोलायला तयार आहे असं नाही. दुसरं, मुलापर्यंत आपण सरांमार्फत पोहोचतो आणि संघनिवड तेच सर करतात. सर शेजारी उभे असताना भरलेल्या प्रश्नावलीत ‘खेळ सोडावासा वाटतो’ यापुढे कोण खूण करेल? मुलाखत ग्राउंडपासून लांब घ्या. तिसरं, नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. ‘अमुक तालुक्यातली, १७ वर्षांखालील, राज्यस्तरावर खेळलेली उंच उडीपटू’ एवढं लिहिलं की गावातला प्रत्येक जण ओळखतो. खेळ, तालुका किंवा वर्ष, यातलं काहीतरी झाकावंच लागतं.

सिनॉप्सिसचं शीर्षक आता परत वाचून बघा. ‘तुलनात्मक अभ्यास’ काढून टाका असं मी म्हणत नाही, तुलना लागतेच. फक्त ती खेळाडू आणि बिगर-खेळाडूंऐवजी टिकलेल्या आणि सोडून गेलेल्यांत करा. एकाच संघातल्या, एकाच वर्षीच्या, सुरुवातीला सारखेच मार्क असलेल्या दोन मुलांपैकी एकाच्या हातात अकरावीत किट-बॅग का उरली आणि दुसऱ्याच्या का नाही, याचं उत्तर तुमच्या प्रबंधात मिळालं, तर ते शाळेच्या मुख्याध्यापकांनाही वापरता येईल आणि जूनमध्ये ‘यंदा ग्राउंड बंद’ म्हणणाऱ्या आईबाबांनाही.